काश्मिरात कुठला समुद्र?

गंगापूर रोडला, आनंदवल्लीच्या अलीकडे, आज जिथे आमची बिल्डिंग उभी आहे तिथे आमचा मळा होता. पार्किंगमध्ये गाड्या लागतात तिथे शेवंतीचे वाफे, आणि लिफ्ट आहे तिथे विहीर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे एकदा सांगायला गेले, तर सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, विषय पाण्याच्या टाकीचा चाललाय." मी म्हटलं, मीही पाण्याबद्दलच बोलतेय. पण फ्लॅटमधल्या माणसांना मळ्याच्या गोष्टी ऐकवण्यात अर्थ नसतो. म्हणून ही लिहूनच काढते.

दादा म्हणजे आमचे वडील, मोतीराम. त्यांनी जन्मभर फुलं पिकवली. पहाटे एम-एटी मोपेडच्या दोन्ही बाजूंना झेंडूची गाठोडी बांधून ते सराफ बाजारातल्या फुलबाजारात जायचे. गाठोड्यांमध्ये दादा दिसायचेच नाहीत, नुसती टोपी दिसायची. माझा थोरला भाऊ वाल्मीक त्यांच्या हाताखाली तयार व्हायचा, असा सगळ्यांचा बेत होता. पण भाऊचं चित्त फुलांत कधीच नव्हतं, पाण्यात होतं. शाळा सुटली की दप्तर माझ्या अंगावर फेकायचा आणि सोमेश्वरला नदीत. तासन् तास वर यायचा नाही. आई काठावरून शिव्या घालायची, आणि दादा म्हणायचे, "राहू दे गं. बेडूक कुठं बुडतो का?"

नव्वद साली भाऊ नेव्हीत भरती झाला. आमच्याकडे फौज नवी नाही. नाशिकरोडला, देवळालीला तोफखाना, त्यामुळे आर्मीतला एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. नेव्ही मात्र कुणाला ठाऊक नव्हती. आमच्या भिकाकाकांना, म्हणजे दादांच्या धाकट्या भावाला, नेव्ही म्हटलं की शाळेच्या चड्डीचा रंग आठवायचा. दादांनी भाऊचा पांढऱ्या गणवेशातला फोटो फ्रेम करून दारासमोर लावला आणि आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "पोरगा बोटीवर हाय." काही वर्षं सगळं ठीक चाललं.

मग भाऊने आपणहून नाव देऊन आणखी कुठलंतरी ट्रेनिंग घेतलं. कुठलं ते सांगितलं नाही. त्यानंतरच्या सुट्टीत आला तो निम्मा होऊन. गालफडं बसलेली, नखं काळीनिळी, आणि झोपेत सुद्धा एका कुशीवर, पाठ भिंतीला लावून. आईने विचारलं, "जेवायला देत नाय का तुला बोटीवर?" तो हसला आणि सातवी भाकरी घेतली. मी खोदखोदून विचारलं तर म्हणाला, "शंभर जण जातात, त्यातले मोजके उरतात. मी उरलो. एवढंच समज." मला वाटलं थापा मारतोय. भावांच्या बाबतीत बहिणींना असंच वाटतं.

शहाण्णव साली तो आला तो दाढी घेऊन. साधीसुधी नाही, छातीला टेकू पाहणारी काळी कुळकुळीत दाढी. आई दारातच थबकली. आमच्यात तरण्या पोराने दाढी ठेवली की दोनच अर्थ निघतात. एक तर नवस, नाहीतर बैराग. "कुनाचा नवस बोललास?" आई म्हणाली. "का बाबा झालास? रामकुंडावर बैरागी कमी पडले काय, म्हणून तू चाललास?" भाऊ म्हणाला, "आई, नोकरीची दाढी आहे." नोकरीत लोक दाढी करतात हे आम्ही ऐकलं होतं, ठेवतात हे पहिल्यांदाच ऐकलं.

खरी फजिती पुढे झाली. शेजारच्या धोंडीरामबाबांचा रविराज तोफखान्यात होता. तो सुट्टीवर आला आणि त्याने चारचौघांत सांगितलं, "वाल्मीक मला श्रीनगरला दिसला. ट्रकमधून उतरत व्हता. मी हाक मारली तर वळख दिली नाय."

झालं. संध्याकाळपर्यंत ही बातमी फुलबाजारात पोचली. नेव्हीतला माणूस श्रीनगरला? काश्मिरात कुठला समुद्र? ज्यांनी जन्मात मुंबईची चौपाटी पाहिली नव्हती ते नकाशा काढून बसले. कुणी म्हणालं नेव्हीतून काढून टाकलं असेल, सफरचंदांच्या पेट्या उचलत असेल. कुणी म्हणालं दाढी बघितली ना, भलत्याच नादाला लागला. भिकाकाका तर आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "दादा, फोटो काढून ठेव आतमध्ये. उगं लोकांत हसं नको."

दादांनी फोटो काढला नाही. पण बाजारात रोज सकाळी त्यांची एम-एटी लागायच्या आत कुणीतरी आरोळी ठोकायचं, "मोतीराम, आला का समुद्र काश्मिरात?" दादा हसून गाठोडं सोडायला लागायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. मला इतका राग आला की समोरच्या माणसाच्या तोंडावर झेंडूची पाटी रिकामी करावी. दादांनी माझा हात धरला. "बोलू दे. त्यांची बी सकाळ जायला पाहिजे."

घरात मात्र त्यांना ते लागलेलं असायचं. पुढच्या दिवाळीनंतर भाऊ चार दिवस आला. येताना आईला शाल आणली, मला अक्रोड, आणि एका कापडी पिशवीत सुके शिंगाडे. आई म्हणाली, उपासाला बरे झाले. दादांनी त्यातला एक उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

जायच्या आदल्या संध्याकाळी ते दोघं विहिरीच्या कठड्यावर बसले होते. मी धुणं काढत होते, म्हणून ऐकलं. दादा म्हणाले, "वाल्मीक, बाकी काय बी सांगू नको. एवढंच सांग. पाणी हाय का तिथं?"

भाऊने वाकून विहिरीत पाहिलं. मग म्हणाला, "दादा, नका विचारू. सांगता येत नाही."

"बापाला बी?"

"कुणालाच."

दादा "बरं" म्हणाले आणि उठून शेवंतीला पाणी सोडायला गेले. त्या दिवशी शेवंतीला सकाळीच पाणी दिलेलं होतं.

त्यानंतर बाजारात कुणी समुद्राचं विचारलं की दादा एवढंच म्हणायचे, "पोरगा गेलाय तर असंल की पाणी." हे ऐकून लोकांना आणखीनच चेव यायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत दादा गेले. वाफ्यात बसून फुलं खुडताना छातीत कळ आली आणि तिथेच आडवे झाले. पाटीत खुडलेली फुलं होती, हातातही होती. भाऊने दिलेल्या मुंबईच्या नंबरवर भिकाकाकांनी फोन केला. तिकडून एक जण इंग्रजीत फक्त "निरोप पोचेल" एवढंच म्हणाला. निरोप पोचला, पण भाऊ वेळेत पोचला नाही. अग्नी काकांनी दिला. भाऊ आला तेव्हा राख थंड होऊन गेली होती. दारात उभा राहून तो म्हणाला, "रस्ता बंद होता." कुठला रस्ता, कशाने बंद, काही नाही. तेव्हा मीसुद्धा त्याच्याकडे पाहिलं नाही. मला त्याचा फार राग आला होता, आणि त्याहून जास्त मला दादा हवे होते.

दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर गेलो. अग्नी काकांनी दिलेला असला तरी पिंड मुलानेच ठेवायचा, असं आईने ठरवून टाकलं होतं. घाटावर बहिरूमामा वस्तरा घेऊन तयार होते. आमच्या घराण्याची तीन पिढ्यांची डोकी त्यांच्याच हाताखालून गेलेली. भाऊ त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, "मामा, डोकं करा. दाढी राहू द्या."

बहिरूमामांचा हात हवेतच राहिला. बापाच्या दहाव्याला मुलगा दाढी ठेवतो म्हणजे काय?

काका म्हणाले, "का रे? बापापेक्षा दाढी मोठी?"

"काका, मला परवा परत जायचंय."

"मग? बिनदाढीचं आत घेत नाय का तिकडं?"

"नाही घेत," भाऊ म्हणाला.

भाऊबंदांपैकी कुणीतरी हसलं. काका लालबुंद झाले. भाऊ चेष्टा करत नव्हता हे आम्हाला फार पुढे कळलं. तिथे भाऊच्या तुकडीतले लोक कोळ्यांच्या नावेतून, त्या मुलखातलेच कपडे घालून फिरायचे. नुकतीच दाढी काढलेला गोरा गाल लांबूनसुद्धा फौजी म्हणून ओळखू येतो. अशा माणसाला दाढी वाढेपर्यंत नावेत घेत नाहीत. आणि त्यांच्यात प्रत्येकाला एक जोडीदार असतो. त्याला ते 'बडी' म्हणतात. पाण्यात उतरताना दोघं मिळून उतरायचं, एक दुसऱ्याचा जीव सांभाळणार. भाऊ नावेत नसता तर त्याचा जोडीदार परक्या माणसाबरोबर गेला असता. भाऊचा जीव त्या जोडीदारात अडकला होता, दाढीत नाही. पण हे रामकुंडावर बोलायची सोय नव्हती.

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. डोकं झालं, दाढी राहिली, पिंड ठेवला गेला. आम्ही मागे सरकलो आणि कावळ्याची वाट पाहू लागलो.

रामकुंडाच्या कावळ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याइतके लाडावलेले कावळे दुनियेत नसतील. वर्षाचे बाराही महिने जेवणावळ चालू. कधीकधी तर पिंड ठेवायच्या आधीच हातातून ओढून नेतात. त्या दिवशी शेजारी दुसऱ्या कुटुंबाचा पिंड होता. त्यावर एकाच वेळी सहा कावळे तुटून पडले होते. आमच्या पिंडाकडे मात्र एकही ढुंकून पाहीना.

काका पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला काय कमी पडू देणार नाय." कावळा नाही. "पोरीचं लगीन थाटात करून देऊ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कावळा नाही. "मळा इकणार नाय, दादा, आपल्या मळ्याला हात लावणार नाय." तरीही नाही. कावळ्यांना माणसं बरोबर कळतात. पुढे मळ्याचा सौदा काकांनीच ठरवला.

उन्हं वर आली. लोक कुजबुजू लागले. अखेर काकांनी ठेवणीतलं काढलं, "मोतीदादाचा जीव दाढीत आडकलाय. पोराने बापाची लाज राखली नाय, कावळा शिवंल कसा?"

आईने भाऊकडे पाहिलं. भाऊ उठला, पुन्हा बहिरूमामांसमोर जाऊन बसला आणि म्हणाला, "घ्या काढून."

वस्तरा चालला तसा तो पुन्हा आमचा भाऊ दिसायला लागला. सोमेश्वरला बुड्या मारणारा, माझ्या अंगावर दप्तर फेकणारा. कपाळ रापलेलं आणि हनुवटी दुधासारखी पांढरी. मला रडू आवरलं नाही. दादा गेल्यापासून मी इतकी रडले नव्हते. तो परत येऊन पिंडासमोर उभा राहिला.

तरी कावळा शिवला नाही. शेजारचा पिंड संपवून ते सहाही कावळे कठड्यावर बसले, चोची पुसत, आमच्याकडे बघत.

गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे." त्यांना पुढचं काम होतं. काकांनी मान डोलावली.

"थांबा," आई म्हणाली. दहा दिवसांत ती चारचौघांत पहिल्यांदाच बोलली. भाऊजवळ जाऊन म्हणाली, "त्यांनी तुला काय इचारलं व्हतं, ते सांग त्यांना."

भाऊचा चेहरा उतरला. "आई, सांगता येत नाही. शपथ आहे."

"जित्या माणसाला सांगता येत नसंल," आई म्हणाली. "ते आता कुनाला सांगणार हायेत?"

मग आई आमच्याकडे वळली. "चला, पाठी फिरा समदे. त्या दोघांचं बोलणं हाय. भिकाभावजी, तुम्ही बी." आईचा आवाज असा लागला की काका निमूट फिरले. गुरुजीही फिरले. अख्खं गणगोत गोदावरीकडे पाठ करून भांडीबाजाराकडे तोंड करून उभं राहिलं. येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते.

मागे भाऊ गुडघ्यांवर बसल्याचं कळलं. त्याचा आवाज आला, पण शब्द आले नाहीत. फार बोलला नाही. मग पंखांचा फडफडाट झाला आणि भाऊ म्हणाला, "शिवला."

आम्ही वळलो तेव्हा पिंडाचा एक लचका गेलेला होता आणि एक कावळा कठड्यावर बसून भात गिळत होता. काका पुटपुटले, "कुनी बघितलं?" आई म्हणाली, "ज्यानं बघायला पाहिजे त्यानं बघितलं."

भाऊ ठरल्या दिवशी परत गेला. दाढी वाढेपर्यंत त्याला काठावर कामं दिली, एवढंच पुढे कळलं. त्याचा जोडीदार सुखरूप राहिला. दरवर्षी राखीपौर्णिमेला मला त्याचा फोन येतो, पण त्याचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या घरात आता थोडी शिस्त आली आहे.

बाकी सगळं बदललं. मळा गेला, बिल्डिंग आली, आम्हाला दोन फ्लॅट मिळाले. गंगापूर रोडला फुलं आता दुकानातल्या काचेमागे मिळतात, आणि त्यांना वास नसतो. पंधरा वर्षं पुरी करून भाऊ दोन हजार पाचला घरी आला. तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवतो आणि पोरं वर आली नाहीत की काठावरून आईसारख्याच शिव्या घालतो.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात मुंबईत हल्ला झाला. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो, भाऊ, आई आणि मी. काळे कपडे घातलेले, तोंडं झाकलेले लोक हॉटेलाच्या आवारात शिरताना दिसले आणि बातम्या देणारी मुलगी म्हणाली, हे नौदलाचे मार्कोस. मग तिने सगळंच सांगून टाकलं. सत्त्याऐंशी साली ही तुकडी कशी उभी राहिली, लंकेत काय केलं, आणि काश्मीरच्या वुलर सरोवरावर कशी ठाण मांडून आहे. तिथले अतिरेकी ह्यांना दाढीवाला फौज म्हणतात, हेसुद्धा. जे माझ्या बापाला विहिरीच्या कठड्यावर कळलं नाही, ते पावडर लावलेली मुलगी साऱ्या देशाला सांगत होती. मी भाऊकडे पाहिलं. तो पडद्यावरच्या माणसांच्या पायांकडे बघत होता, ती पावलं कशी टाकतात ते.

"तळं होतं होय," मी म्हटलं.

"हं."

"मग रामकुंडावर तू दादांना काय सांगितलंस? आता तरी बोल."

भाऊने टीव्हीचा आवाज बारीक केला. "फार नाही. म्हटलं, दादा, पाणी आहे. मोठं तळं आहे. पाणी गोडं आहे आणि त्यात शिंगाडे होतात. मी आणि माझा जोडीदार नावेतून फिरतो, रात्री-अपरात्री पलीकडून कुणी येऊ नये म्हणून. समुद्र नाही, पण मी बोटीवरच आहे. तुम्ही लोकांना सांगत होता ते खोटं नव्हतं."

आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "शिंगाड्याचं त्यांना ठावं व्हतं."

आम्ही दोघंही तिच्याकडे वळलो.

"तू पिशवी आणली त्याच राती मला म्हणले, शिंगाडा साचल्या गोड्या पाण्यात व्हतो. आपलं पोरगं तळ्यावर हाय. त्याला बोलायची बंदी दिसतीय, तू बी कुनाला बोलू नको."

म्हणजे दादांना ठाऊक होतं. बाजारात रोज सकाळी लोक समुद्र विचारायचे, आणि खिशात शिंगाडा ठेवून हा माणूस हसत गाठोडं सोडायचा. आणि आमची ही आई दहा-अकरा वर्षं मूग गिळून बसली होती. मला तिचा राग आला आणि भरूनही आलं.

"मग कावळा का अडला?" मी विचारलं. "ठाऊकच होतं तर?"

आईने वात तेलात बुडवली. "ठावं असणं येगळं," ती म्हणाली. "पोरानं सांगणं येगळं."

भाऊ उठला, चपला घातल्या आणि खाली गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेले, तर तो लिफ्टच्या दाराशी, विहिरीच्या कठड्याच्या जागी, पायरीवर बसला होता, एका माणसाची जागा शेजारी मोकळी सोडून.